आपण पाठविलेले कार्ड दुमडलेले आले!

जुन्या वस्तू विकणाऱ्याला दोन तऱ्हेची पत्रे येतात. "वस्तू पोहोचली, आनंद झाला," हे पहिल्या तऱ्हेचे. ते वाचून माणूस सुखावतो आणि विसरतो. दुसऱ्या तऱ्हेचे पत्र बहुधा एकाच वाक्याचे असते : "आपण पाठविलेले कार्ड दुमडलेले आले." हे वाक्य मात्र पोळ्या लाटताना आठवते, अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवते, आणि त्याचे उत्तर धाडीपर्यंत जिवाला स्वस्थता म्हणून लाभू देत नाही. कारण त्यात मालाची तक्रार तर असतेच, पण "तुम्ही मला फसविलेत की काय?" हा न लिहिलेला प्रश्नही असतो.

मी गेली काही वर्षे घरी बसून जुनी चित्रकार्डे ऑनलाइन विकते. चित्रकार्ड म्हणजे एका अंगाला चित्र किंवा फोटो आणि दुसऱ्या अंगाला पत्ता असलेले टपालाचे कार्ड. या व्यवहारात मला जे काही कळले, ते बहुतेक अशा पत्रांना उत्तरे देता देताच कळले. आणि ते दिवाळी अंकात सांगण्याला कारणही आहे. याच दिवसांत घरोघर माळे साफ होतात, आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली येते, आणि तिच्या तळाशी दोऱ्याने बांधलेला कार्डांचा गठ्ठा सापडतो. पूर्वी तो रद्दीवाल्याकडे जाई. आता घरातला नातू मोबाईलवर त्याचे फोटो काढतो आणि दोन दिवसांत बंगळूर किंवा कोलकात्याचे गिऱ्हाईक दारात उभे राहते! विकणे असे सोपे झाले आहे. विकल्यानंतरचे मात्र सोपे झालेले नाही.

चार कोपऱ्यांचे दैव

टपालाचे कार्ड जगात प्रथम निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले आणि त्याची किंमत होती पाव आणा. चित्रकार्डांना बहर आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रे कार्डांवर आली. चित्रकार धुरंधरांनी मुंबईतल्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली. रेल्वे स्थानके, घाट, देवळे, बाजार, सारे साडेपाच इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद अशा तुकड्यावर मावू लागले. आरंभी कार्डाची मागची बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर लिहावयाचा तो चित्राच्या कडेला उरलेल्या कोऱ्या जागेत. ब्रिटनमध्ये १९०२ साली मागच्या बाजूचे दोन भाग करण्यास मुभा मिळाली आणि ती रीत हळूहळू सगळीकडे पसरली. म्हणून मागे मधोमध उभी रेघ आहे की नाही, एवढे पाहूनही जाणकार कार्डाच्या वयाचा अंदाज बांधतात.

अशा कार्डाचे मोल दोन गोष्टींवर ठरते : ते किती दुर्मिळ आहे, आणि ते कसे राहिले आहे. ही गोष्ट चित्रकार्डांपुरती नाही. सिगारेटच्या पाकिटांतून १८९६ साली विल्स कंपनीने दिलेली क्रिकेटवीरांची कार्डे घ्या, नाहीतर आजची मुले जिवापाड जपतात ती पोकेमॉनची कार्डे घ्या. सर्वांचे दैव चार कोपऱ्यांवर अवलंबून. अमेरिकेत तर कार्डांना १ ते १० असे गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतली पीएसए १९९१ सालापासून हे काम करते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र बरोबर मध्यावर आहे की नाही, हे पाहून गुण ठरतात, आणि एका गुणाच्या फरकाने किंमत कोठल्या कोठे जाते. तेव्हा "कोपरा जरासा दुमडला तर एवढे काय बिघडले?" हे वाक्य आपण नातेवाइकांत बोलावे, गिऱ्हाइकाला ते लिहू नये.

उत्तर आधीच लिहून ठेवावे

तक्रारीचे उत्तर तक्रार आल्यावर लिहावयास बसलेला विक्रेता निम्मी लढाई हरलेला असतो. खरे उत्तर पार्सल बंद करण्यापूर्वी तयार असावे लागते.

कार्ड विक्रीस काढताना मी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढते, मग चारही कोपऱ्यांचे जवळून, आणि शेवटी एक फोटो तिरप्या उजेडात. हा शेवटचा फार महत्त्वाचा. समोरून प्रकाश पडला की दुमडीची रेघ बुजून जाते. खिडकीशी कार्ड आडवे धरून बाजूने उजेड घेतला की तीच रेघ शेताच्या बांधासारखी उठून दिसते. मग वर्णन. "स्थिती उत्तम" हे दोन शब्द म्हणजे भांडणाचे आमंत्रण. उत्तम म्हणजे काय, हे प्रत्येकाचे वेगळे असते. त्याऐवजी "वरचा डावा कोपरा किंचित बोथट, मागे तिकीट काढल्याची खूण, उजव्या कडेला चहाच्या रंगाचा डाग" असे लिहावे. कार्डाचे दोष विक्रेत्याने सांगितले की ते वर्णन ठरते. तेच गिऱ्हाइकाने शोधून काढले की ती फसवणूक ठरते.

बांधणीचेही एक शास्त्र आहे. कार्ड आधी पारदर्शक पाकिटात घालावे. मात्र मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नको, कारण ते कालांतराने कागदालाच बाधते. मग दोन्ही बाजूंना खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे, कार्डापेक्षा बोटभर मोठे. यात मेख अशी की एका पुठ्ठ्याच्या पन्हळी उभ्या असाव्यात आणि दुसऱ्याच्या आडव्या. पुठ्ठा पन्हळीच्या ओळीत सहज वाकतो. दोन उलटसुलट ठेवले की एकमेकांना वाकू देत नाहीत. पावसाळ्यात या सगळ्यावर एक प्लास्टिकची पिशवी. आणि चिकटपट्टीचे टोक दुमडून ठेवावे, म्हणजे घेणाऱ्याला ते चिमटीत धरून ओढता येते. हे क्षुल्लक वाटेल. पण घाईने सुरी घालून पार्सल उघडताना कापलेली कार्डे मी पाहिली आहेत.

शेवटी, पुठ्ठ्यात ठेवलेल्या कार्डाचा आणि पत्ता लिहिलेल्या बंद लिफाफ्याचा फोटो. आमच्याकडे यावर चेष्टा होते. "लग्नातही एवढे फोटो काढले नव्हते," असे ऐकून घ्यावे लागते. पण लग्नातल्या फोटोंची साक्ष अजून कोणी मागितलेली नाही. कार्डांच्या फोटोंची मागितली आहे.

पहिले उत्तर

तक्रार आली की पहिले उत्तर त्याच दिवशी जावे. त्यात निकाल नसला तरी चालेल, दखल हवी. माझा मजकूर साधारण ठरलेला असतो : "कार्ड तसे पोहोचले याचे वाईट वाटते. कृपया कार्डाच्या दोन्ही बाजूंचे, दुखावलेल्या जागेचे आणि लिफाफ्याचे सर्व बाजूंनी फोटो पाठवावेत. लिफाफा व पुठ्ठे टाकून देऊ नयेत. मार्ग निश्चित काढू." एवढेच. "आमच्याकडून तर चांगले गेले होते" हे वाक्य खरे असले तरी पहिल्या उत्तरात घालू नये. वाचणाऱ्याला त्यात "मग तुम्हीच दुमडले असेल" एवढेच ऐकू येते.

कोकणातल्या एका गृहस्थांनी माझ्याकडून धुरंधरांच्या चित्राचे कार्ड अठराशे रुपयांना घेतले. आठव्या दिवशी त्यांचे पत्र आले. "सर" असा मायना होता, कारण असल्या व्यवहारात पलीकडे बाईमाणूस असेल अशी कल्पना कोणी करीत नाही. पुढचा मजकूर मायन्याइतका आदराचा नव्हता. माझ्या पेन्शनीतून पैसे साठवून मी हे घेतले, तुम्ही मोडका माल गळ्यात बांधलात, तीन दिवसांत पैसे आले नाहीत तर सगळीकडे बोभाटा करीन, असा त्याचा सूर. मी वरचेच उत्तर पाठविले. रात्री फोटो आले. कार्डाचा खालचा कोपरा खरोखर मोडला होता. पण लिफाफ्याच्या फोटोत त्याच कोपऱ्यावरून एक खोल तिरपी खाच गेलेली दिसत होती, आणि आतल्या पुठ्ठ्यावर तिचाच ठसा होता. वाटेत केव्हातरी गठ्ठा आवळून बांधताना दोरी त्या जागी रुतली होती. मी माझ्याकडचे फोटो त्यांच्या फोटोंशेजारी ठेवून पाठविले. कार्ड धड निघाले होते, आणि दुमडलेले पोहोचले होते. दोघेही खरे बोलत होतो!

दुसऱ्या दिवशीच्या पत्रात मायना "ताई" असा होता.

नवी जखम, जुनी जखम

प्रत्येक वेळी लिफाफा इतकी स्वच्छ साक्ष देत नाही. मग कार्डालाच विचारावे लागते. दुमड ताजी असेल तर तिच्या रेघेत कागदाचे तंतू पांढरे, स्वच्छ दिसतात. जुनी असेल तर त्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि हाताचा मळ बसून रेघ करडी-तपकिरी झालेली असते. एक साधे भिंग यासाठी पुरते. कसरीने खाल्लेली कड वेडीवाकडी, वरचा थर खरवडल्यासारखी दिसते. ती आठ दिवसांच्या प्रवासात होत नाही. जुन्या फोटोंच्या काळ्या भागावर चंदेरी झाक येते, ती फोटोतल्या चांदीची करणी असते, वयाची खूण असते. तिला "पाण्याचा डाग" म्हणणारे पत्रही मला आले आहे.

एक तक्रार तर अशी होती की नुकसान होते आणि नव्हतेही. मे महिन्यात नागपूरच्या एका बाईंना मी मुंबईहून एक अस्सल फोटो-कार्ड पाठविले. त्यांनी लिहिले, "कार्ड पन्हाळीसारखे वाकले आहे." फोटो पाहिला तर कोठे दुमड नाही, चीर नाही, सबंध कार्ड दोन्ही कडांनी सारखे आत वळलेले. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि पाठीमागच्या कागदापेक्षा जास्त आकसतो. म्हणून कार्ड चित्राच्या बाजूस वळते. मुंबईच्या हवेतून ते नागपूरच्या उन्हाळ्यात गेले होते, आणि माणसासारखेच कोमेजले होते. मी कळविले : इस्त्री फिरवू नका, उलट बाजूला वाकवू नका, जिलेटिनला चीर गेली की इलाज नाही. दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जाड पुस्तकांचे वजन द्या, पंधरा दिवस थांबा, आणि तरीही पटले नाही तर कार्ड परत पाठवा, पूर्ण पैसे देईन. कार्ड परत आले नाही. पावसाळा लागल्यावर "आपोआप सरळ झाले" असे पत्र मात्र आले.

संशयाची पायरी

आता अवघड भाग. खोटी तक्रार येत नाही का? येते. चांगले कार्ड ठेवून घेऊन आपल्याजवळचे फाटके कार्ड परत करणारे लोक या छंदात आहेत. पण संशय आला म्हणून लगेच तो बोलून दाखवावा काय?

बोरीबंदर स्थानकाचे एक टपालातून गेलेले कार्ड मी साडेसहा हजारांना विकले होते. माझ्या लेखी ही लहान रक्कम नव्हे. घेणाऱ्या तरुणाने चार दिवसांनी फोटो पाठविला : चित्र तेच, पण मधोमध आडवी घडी. मी दोन्ही फोटो मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. माझ्या कार्डावर टपालाच्या शिक्क्याची कड तिकिटाच्या खालच्या टोकाला शिवत होती. त्याच्या फोटोत शिक्का बोटभर वर होता. दोन कार्डे एकाच छापाची असू शकतात. दोन शिक्के एकाच जागी, एकाच तिरकसपणाने बसत नाहीत. ते माझे कार्डच नव्हते. हात लिहावयास शिवशिवत होता.

तरीही मी लिहिले ते इतकेच : "दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. शिक्क्याची जागा कृपया आपणच ताडून पाहावी. आपल्या संग्रहात या छापाचे दुसरे कार्ड आहे काय?" दोन तास उत्तर नव्हते. ते दोन तास मला आठवड्याएवढे गेले. मग फोनच आला. पोरगा रडकुंडीला आला होता. त्याच्याजवळ खरोखरच त्याच छापाचे जुने, घडी पडलेले कार्ड होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहताना पाकिटांची अदलाबदल झाली होती. मी "चोर" हा शब्द वापरला असता तर तो खोटा ठरला असता आणि परतही घेता आला नसता. माणूस खोटा आहे असे सिद्ध करण्याची आपल्याला गरजच नसते. कार्ड तेच आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारावा. खऱ्याला त्यातून वाट मिळते, आणि खोट्याला पळवाट मिळत नाही.

पैशाचा हिशेब

वाटेत झालेले नुकसान कोणी सोसावयाचे? १९३० चा माल-विक्रीचा कायदा असे धरून चालतो की विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की सर्वसाधारणपणे तो गिऱ्हाइकाला दिल्यासारखाच होतो; मात्र पाठवणी योग्य काळजीने केलेली असली पाहिजे. हे वाचून विक्रेत्यांनी हुरळून जाऊ नये. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सविषयक नियम २०२० साली आले. त्यांप्रमाणे, अशा बाजारपेठेतून विकलेला माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास वा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, अशीही अट आहे. नियमित धंदा म्हणून नव्हे, तर कोणी स्वतःपुरता एखादा व्यवहार केला, तर त्याला हे नियम लागू नाहीत. म्हणजे ट्रंकेतले एक कार्ड विकणारे आजोबा सुटले, आणि दर आठवड्याला विकणारी मी सापडले. गिऱ्हाइकाला दाद हवी असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

शिवाय प्रत्येक संकेतस्थळाचे आपापले नियम असतात. ईबेवर वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाची तक्रार आली, तर विक्रेत्याला तीन कामकाजाच्या दिवसांत मार्ग काढावा लागतो. नाहीतर गिऱ्हाईक कंपनीलाच मध्ये घालू शकते. म्हणून सारे बोलणे त्या संकेतस्थळाच्या संदेशांतूनच करावे. फोनवर ठरले तरी ते तेथे लिहून ठेवावे. किमती कार्डाचा टपालात विमा उतरवावा. रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, हेही जुन्या सवयीच्या लोकांनी ध्यानात ठेवावे.

नुकसान खरे असेल तर मी दोन वाटा देते. एक, कार्ड परत, पूर्ण पैसे परत, दोन्ही वेळचा टपालखर्च माझा. दुसरी, कार्ड ठेवून घ्यावे आणि काही रक्कम परत घ्यावी. ही रक्कम घासाघीस करून ठरवू नये. स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हेच कार्ड या मोडक्या कोपऱ्यासह मी विकावयास काढले असते, तर काय किंमत मागितली असती? फरक तेवढा परत. कोकणातल्या त्या गृहस्थांना मी याच हिशेबाने सहाशे रुपये परत केले, आणि हिशेब लिहून पाठविला. त्यांनी कार्ड ठेवून घेतले. मला ते सहाशे रुपये लागले नाहीत असे नाही. पण त्या महिन्यात बोभाटा झाला नाही, आणि पुढे त्यांनी आणखी दोन कार्डे घेतली.

नुकसान म्हणजे काय?

एक तक्रार मात्र मी अजून मनातून पुसू शकलेले नाही. नाशिकच्या घाटाचे एक कार्ड एका संग्राहकांनी परत पाठविले. कारण लिहिले होते : "मागील बाजू कोणीतरी खरडून खराब केली आहे." मी मागच्या बाजूचा फोटो दिला होता, वर्णनात "मागे मोडी मजकूर" असेही लिहिले होते. वाद घालता आला असता. पण ज्याला कार्ड नकोसे झाले आहे त्याच्या घरी ते ठेवून काय उपयोग? मी ते परत घेतले.

ते खरडणे म्हणजे एका मुलाने वडिलांना लिहिलेल्या पाच ओळी होत्या. माझे मोडी जेमतेम आहे; तरी एवढे लागले की गोदावरीला पाणी फार आहे, तो आणि बरोबरची मंडळी सुखरूप आहेत, आणि आईने काळजी करू नये. पुढे ते कार्ड मोडी शिकणाऱ्या एका मुलीने त्याच किमतीला घेतले. तिला घाटाचे चित्र दुय्यम होते; हवे होते ते खरडणेच.

पैसे परत करता येतात, दुसरे कार्ड पाठविता येते, तक्रार मिटविता येते. पण शंभर वर्षे टिकलेला कागद आपल्या हातून निघून दुसऱ्याच्या हाती जाताना मोडला, तर तो तसाच पुन्हा कोणी छापणार नाही. विकणारा आणि घेणारा जेव्हा कोपऱ्यावरून भांडत असतात, तेव्हा नुकसान त्या दोघांपैकी एकाचे ठरते; खरे ते कार्डाचे झालेले असते. म्हणून या दिवाळीत ट्रंकेतला गठ्ठा खाली आलाच, तर त्याचा दोरा आधी हलक्या हाताने सोडा. कोपरे पाहा, मागची बाजू वाचा. विकायचे की ठेवायचे, ते मग ठरवा.